बोटं शाबूत, दावा नामंजूर

कागद छापील होता. हाताने भरलेल्या जागा चारच : माझं नाव, विमा क्रमांक, अपघाताची तारीख आणि शेवटी ‘कमाईची क्षमता किती टक्के घटली’ याच्यापुढे एक इंग्रजी शब्द, निल. इंग्रजी मला फारसं येत नाही, पण निल येतं. आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून वॉशर काढायच्या खात्यात, पाळी संपताना प्रॉडक्शन स्लिपवर रिजेक्शनचा रकाना भरावा लागायचा. एकही वॉशर खराब निघाला नाही तर तिथे निल लिहायचं आणि घरी जायचं. तो शब्द लिहिताना बरं वाटायचं.

तो कागद हातात पडला ती तारीख होती 4 सप्टेंबर 2018. कागद मी अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात धरला होता. अंगठ्याजवळचं बोट ताठ उभं होतं, आजही तसंच उभं असतं. मधलं बोट अर्धवट वाकलेलं. कागदावर मात्र लिहिलं होतं की काहीच गेलेलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कर्मचारी राज्य विमा, आपण त्याला ईएसआय म्हणतो, तेव्हा 1948 च्या कायद्याखाली होता, नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते. आणि अपघाताने कायमचं अधूपण आलं तर त्यानंतर आयुष्यभर दर महिन्याला काही रक्कम मिळते. कायद्यात तिचं नाव कायमस्वरूपी अपंगत्व लाभ असं आहे, कामगार तिला पेन्शनच म्हणतात. ती किती मिळणार हे डॉक्टरांचं बोर्ड ठरवतं. बोर्डाने वीस टक्के लिहिले तर त्या 90 टक्क्यांतले वीस टक्के. बोर्डाने निल लिहिलं तर काही नाही.

आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. 2013 च्या दुष्काळात जनावरं छावणीवर सोडली आणि दोन पोरांना घेऊन पुण्याकडे आलो. ह्यांना एका सोसायटीत वॉचमनचं काम लागलं, मला वर्षभराने एका कंत्राटदाराकडून औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमध्ये. आधी हेल्पर, मग ऑपरेटर. पगार 13,500 वर गेला होता आणि त्यातून दर महिन्याला 237 रुपये ईएसआयचे कापले जायचे. तेव्हा कामगाराचा वाटा पावणेदोन टक्के होता, जुलै 2019 पासून तो पाऊण टक्का झाला. एकदा मी ह्यांच्यापाशी कुरकुरही केली होती की एवढ्यात आठवड्याचा भाजीपाला आला असता.

21 नोव्हेंबर 2017, दुसरी पाळी, रात्रीचे साडेनऊ. प्रेसला सेन्सर होता. हात आत असला की मशीन थांबलं पाहिजे. पण त्यामुळे मशीन सारखं थांबतं आणि टारगेट होत नाही, म्हणून त्याची वायर काढून ठेवलेली असायची. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला जॉब काढायला मी हात घातला आणि डबल स्ट्रोक पडला, म्हणजे मशीन आपोआप पुन्हा खाली आलं. पेडलवर माझा पाय नव्हता. हे मी त्या रात्रीही सांगितलं होतं.

सुपरवायझर चांगला मुलगा होता, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. रिक्षात तो रडत होता आणि रडतारडताच म्हणाला, “ताई, दवाखान्यात घरी मिक्सरमध्ये हात गेला असं सांगा. बिल कंपनी भरणार आहे.” त्याला तसं सांगायला कोणी सांगितलं असेल ते मला कळत होतं. मी काही बोलले नाही, बोलायच्या अवस्थेत नव्हते. पण ह्यांनी रिक्षा ईएसआयच्या दवाखान्याकडे घ्यायला लावली आणि केसपेपरवर ‘कामावर, प्रेस मशीन’ असं लिहून घेतलं. पुढच्या अडीच वर्षांत माझ्या बाजूने जे काही झालं ते त्या तीन शब्दांवर उभं राहिलं.

हाडांत तारा घातल्या, तुटलेल्या शिरा जोडल्या. जागी झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “नशीब चांगलं. बोटं वाचली.” सासूबाईंनी गावाकडे नारळ फोडला. बोटं वाचली, बोटं वाचली, असं सगळेच म्हणत राहिले आणि मीही म्हणत राहिले.

पाच महिने तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे वेळेवर आले. माझा दिवसाचा सरासरी पगार 450 रुपये धरला होता, त्याचे 90 टक्के म्हणजे 405. एप्रिलच्या 15 तारखेला ते थांबले, कामाला योग्य असल्याचं फिटनेस सर्टिफिकेट मिळालं आणि मी कामावर परत गेले. प्रेसवर दोन तास टिकले. मग मला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. शंभर वॉशर मोजायचे, पिशवीत भरायचे, पिशवी बंद करायची. शेजारच्या बाया तासाला साठ-पासष्ट पिशव्या करायच्या. मी बावीस, पंचवीस. वॉशर टेबलावर सपाट पडलेला असतो. तो उचलायला अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट यांची चिमूट लागते आणि माझी चिमूट बंदच होत नव्हती. मी वॉशर टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणायचे आणि खाली डाव्या हातात पाडायचे. दोन महिन्यांनी कंत्राटदार म्हणाला, “ताई, तुम्हाला त्रास होतोय, थोडे दिवस आराम करा.” त्या आरामातून मला परत कोणी बोलावलं नाही.

बोर्डाची तारीख ऑगस्टमध्ये होती. त्या दिवसाबद्दल सविस्तर सांगणार आहे, कारण सगळं तिथेच बिघडलं आणि त्यातला एक भाग माझ्या तोंडून बिघडला.

बाहेर बाकड्यांवर पन्नास-साठ माणसं होती. कोणाचा पाय, कोणाचा डोळा, कोणाची पाठ. सकाळी नऊला गेले, नंबर दुपारी अडीचला आला. आत टेबलापलीकडे तीन डॉक्टर होते, थकलेले होते, पण वाईट बोलले नाहीत. एकाने हात पुढे घ्यायला सांगितला. “मूठ करा.” केली, म्हणजे जेवढी होते तेवढी. “उघडा.” उघडली. बोटांच्या टोकांना हात लावून पाहिला. एक्स-रे दिव्यासमोर धरला, हाड जुळलं होतं. मग त्यांनी विचारलं, “घरकाम करता का?”

मी म्हणाले, “हो, सगळं करते.”

असं का म्हणाले? तीन अनोळखी पुरुषांसमोर ‘मला घरचं काम जमत नाही’ असं म्हणायची लाज वाटली. आमच्याकडे बाईला काम जमत नाही हे शेवटचं बोलणं असतं. आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. मी करत होतेच. कणीक डाव्या हाताने मळत होते, भाकरी थापता यायची पण उचलून तव्यावर टाकताना फाटायची, म्हणून पोरगी टाकायची. धुण्याचा पिळा पोरगा पिळायचा. परकराची नाडी दातांनी ओढायचे. पण यातलं काही मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाच मिनिटांत बाहेर आले. बाहेर ह्यांनी विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “चांगले होते डॉक्टर.”

महिनाभराने निल आलं.

शेजारणी म्हणाल्या, सिव्हिलमधून अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढ, मग संजय गांधी निराधारचे पैसे सुरू होतील. मी तिकडेही गेले. तिथे 11 टक्के लिहिले. त्या योजनेला निदान 40 टक्के लागतात, त्यामुळे तो रस्ता तिथेच बंद झाला. आणि सिव्हिलचे टक्के आणि ईएसआयचे टक्के एकमेकांसारखे दिसतात पण नसतात, हे मला फार उशिरा कळलं. सिव्हिलचा दाखला शरीर किती अधू झालं ते मोजतो. ईएसआयच्या बोर्डाने मोजायचं असतं ते कमाईचं. माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाचा कागद घेऊन दुसऱ्या खिडकीवर उभ्या राहतात आणि परत येतात.

कंत्राटदाराकडे भरपाई मागावी असंही मनात आलं. ते होत नाही. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला त्याच अपघातासाठी मालकाकडून कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळे पैसे मागता येत नाहीत, ईएसआय कायद्याच्या कलम 53 प्रमाणे तो दरवाजा बंद होता. म्हणजे जे मिळेल ते इथूनच, नाहीतर कुठूनच नाही.

वसाहतीच्या मारुतीच्या देवळामागे एका खोलीत एक काका बसायचे. एका मोठ्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते, संघटनेचे पदाधिकारी होते, निवृत्त झाल्यावरही कामगारांचे कागद बघून द्यायचे. पैसे घेत नसत, फक्त झेरॉक्सचे. मी त्यांच्यासमोर पिशवी ठेवली. त्यांनी निर्णयाचा कागद वाचला, पाकीट उलटसुलट करून पोस्टाचा शिक्का बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, “हा कागद हातात कधी पडला?”

मी तारीख सांगितली.

“तीन महिने आहेत. त्यातले सतरा दिवस गेले. आता बोर्डात काय झालं ते शब्द न् शब्द सांग.”

मी सांगितलं. घरकामाच्या प्रश्नापाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. “हो म्हणालीस?” मी मान हलवली. ते काही रागावले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “सगळ्या हेच म्हणतात पोरी. पुरुषही म्हणतात. विचारलं की कसंय, तर म्हणतात बरंय.”

मग त्यांनी कायद्याचं एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक काढलं आणि दुसरी अनुसूची उघडली. त्यात शरीराच्या भागांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे टक्के. अंगठा गेला तर 30. एका हाताची चारही बोटं गेली तर 50, तीन गेली तर 30, दोन गेली तर 20. अंगठ्याजवळचं अख्खं बोट 14, त्याची दोन पेरं 11, एक पेर 9. मधलं अख्खं बोट 12. करंगळी 7. मी ते वाचत गेले आणि मला कसंतरी झालं. भाजीच्या भावासारखं लिहिलेलं होतं. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, निदान लिहिलेलं तरी आहे. ज्याचा अंगठा गेला त्याला कोणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

“पण काका, माझं बोट कुठे गेलंय?” मी म्हटलं. “आहे की.”

“तेच बोर्डाने पाहिलं. आहे की नाही तेवढंच.” त्यांनी यादीच्या अगदी शेवटी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात एक टीप होती. त्यांनी मला तिचं मराठी करून सांगितलं : या यादीतल्या कोणत्याही अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असं धरायचं.

मी त्यांना ते तीनदा वाचायला लावलं.

म्हणजे बोट हातावर असणं आणि बोट असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. मला ते नऊ महिन्यांपासून माहीत होतं, पण ते मोजता येतं, मागता येतं हे माहीत नव्हतं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सर्वोच्च न्यायालयाचा 1970 च्या दशकातला एक निकाल आहे. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. यादीप्रमाणे ते शंभर टक्के होत नव्हतं. पण न्यायालय म्हणालं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची सुतार म्हणून कमाई शंभर टक्के गेली. तो निकाल नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा आहे, आपल्याला तो तसाच्या तसा लागू होईल असं काही नाही, हेही काकांनी लगेच सांगितलं. “पण प्रश्न कसा विचारायचा ते त्यातून शिकायचं. हाताला काय झालं, हा अर्धा प्रश्न. हात काय काम करत होता, हा उरलेला अर्धा.”

मी तेव्हाच त्यांना डबा दाखवला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात माझ्या प्रॉडक्शन स्लिपा. कंपनीत त्या कोणी ठेवत नसे, पण मला आकडे जपून ठेवायची सवय आहे. गावाकडे दुधाचा हिशेब मीच ठेवायचे. अपघाताच्या आधीच्या 2017 सालच्या स्लिपा होत्या, प्रेसवरच्या, पाळीला तीन हजारच्या वर पीस आणि रिजेक्शन बहुतेक निल. आणि अपघातानंतरच्या पॅकिंगच्या, एकोणचाळीस. त्यातल्या प्रत्येकीवर सुपरवायझरची सही. काकांनी त्या टेबलावर दोन ओळींत मांडल्या. पंख्याने उडू नयेत म्हणून पंखा बंद केला. खोलीत फार उकडत होतं आणि ते एकेक आकडा वहीत उतरवत होते.

अपील दोन ठिकाणी करता येतं, वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात. आम्ही न्यायालय निवडलं. न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतरही पुन्हा न्यायालयात जायची पाळी येऊ शकते, आणि आमचं सगळं प्रकरण साक्षीवर उभं राहणार होतं, असं काकांचं म्हणणं. तिथे वकीलच पाहिजे असंही नाही, नोंदणी असलेल्या संघटनेचा पदाधिकारी कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो. तरी काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना बोलावलं.

अर्जात काय लिहायचं यावर आम्ही तीन रविवार बसलो. माझा पहिला मसुदा असा होता : ‘मी गरीब बाई असून माझ्यावर फार अन्याय झाला आहे.’ वकीलबाईंनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “हे खरं आहे, पण यावर कोणी टक्के लिहू शकत नाही.” शेवटी जे लिहिलं त्यातल्या काही ओळी माझ्या शब्दांतल्या आहेत :

‘उजव्या हाताचे अंगठ्याजवळचे बोट मधल्या सांध्यात वाकत नाही. टोकाला टाचणी टोचली तर समजत नाही. सपाट पडलेली बारीक वस्तू उचलता येत नाही. अपघातापूर्वी मी प्रेसवर पाळीला तीन हजारपेक्षा जास्त पीस काढत असे. अपघातानंतर प्रेसवर दोन तासांच्या वर काम करता आले नाही. पॅकिंगमध्ये इतर कामगारांच्या निम्म्याहून कमी काम होत असे, त्याच्या स्लिपा सोबत आहेत. बोर्डापुढे मी घरकाम करते असे सांगितले. ते काम मी कसे करते हे मला विचारण्यात आले नाही, म्हणून येथे सांगत आहे.’

त्याखाली भाकरीचं, नाडीचं, पिळ्याचं सगळं लिहिलं. वकीलबाईंनी एक शब्द वाढवू दिला नाही आणि एक कमी करू दिला नाही. जे कधीतरी जमतं तिथे ‘कधीतरी’ लिहायला लावलं. बाटलीचं झाकण उघडता येत नाही असं मी लिहिलं होतं, त्यांनी माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली. मी तळहाताने ती उघडली. ती ओळ खोडली.

एका सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी माझे सांधे मोजून दिले. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं प्लॅस्टिकचं साधन असतं, दोन पट्ट्यांचं. डाव्या हाताचा तोच सांधा शंभर अंश वाकत होता, उजव्याचा दहा. दाबायचं यंत्र हातात देऊन पकड मोजली, डावी 23 किलो, उजवी 9. त्या मॅडमनी दोन्ही हातांचे आकडे शेजारीशेजारी लिहिले. बोर्डाने डाव्या हाताकडे बघितलंच नव्हतं. तुलना करायला माझाच दुसरा हात तिथे होता.

26 नोव्हेंबरला अर्ज दाखल झाला, मुदत संपायच्या आठ दिवस आधी. मुदत उलटली तरी सबळ कारण दाखवलं तर न्यायालय ऐकून घेऊ शकतं, पण कारणाचाच एक वेगळा वाद उभा राहतो. तो टळला.

त्यानंतरच्या तारखांबद्दल काय सांगू. एका तारखेला समोरचे वकील नव्हते, एकीला साहेब रजेवर, एकीला नुसता कागद इकडून तिकडे गेला. प्रत्येक तारखेला दोन बस, डबा, ह्यांचा खाडा. मधे एकदा मी काकांना म्हटलं की सोडून देऊ. ते म्हणाले, “सोड. पण आज नको, पुढच्या तारखेनंतर सोड.” असं त्यांनी मला सहा वेळा म्हटलं असेल.

जुलै 2019 मध्ये न्यायालयाने मला एका हाताच्या सर्जनकडे पुन्हा तपासणीला पाठवलं. मी जाताना पिशवीत वॉशर नेले, भंगारवाल्याकडून घेतलेले शंभर. डॉक्टरांनी आधी तेच केलं जे बोर्डाने केलं होतं, मूठ करा, उघडा. मग मी विचारलं, “साहेब, मी माझं काम करून दाखवू का?” ते हो म्हणाले. मी वॉशर टेबलावर ओतले आणि उचलायला लागले. एक उचलायला गेले, सरकला. दुसरा सरकला. तिसरा टेबलाच्या कडेवरून खाली पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. डॉक्टर उठले, माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि घड्याळ बघत म्हणाले, “चालू ठेवा.” दोन मिनिटं मी वॉशर उचलत होते. अकरा झाले. मग त्यांनी डाव्या हाताने उचलायला सांगितलं, त्याने सदतीस झाले. त्यांनी हे दोन्ही आकडे अहवालात लिहिले. अहवाल माझ्या बाजूने होता की नाही हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, पण घरी जाताना मी बसमध्ये खिडकीशी बसून खूप रडले. कोणीतरी शेवटी हात बघितला होता.

साक्ष ऑक्टोबरमध्ये झाली. समोरचे वकील सभ्य होते. “बोट कापलेलं नाही, बरोबर?” बरोबर. “हाड जुळलेलं आहे?” आहे. “तुम्ही बोर्डापुढे सगळं घरकाम करता असं सांगितलं होतं?” सांगितलं होतं. “मग आता वेगळं का सांगता?” मी म्हणाले, “वेगळं नाही सांगत. तेव्हा करते का विचारलं होतं. कसं करते ते आज सांगते आहे.” मग त्यांनी विचारलं, “जेवता कोणत्या हाताने?”

हा प्रश्न मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. अर्जातही नव्हता. मी म्हणाले, “उजव्याच. चमचा अंगठा आणि मधल्या बोटात धरून. घास करता येत नाही, कालवता येत नाही. म्हणून दोन वर्षं मी लग्नाकार्यात पंगतीला बसलेले नाही. वाढायला उभी राहते आणि घरी येऊन जेवते.” ह्यांनाही ते माहीत नव्हतं. ते मागे बाकावर बसले होते. त्यांना वाटायचं मला वाढायची हौस आहे.

निकाल फेब्रुवारी 2020 मध्ये लागला. अंगठ्याजवळच्या बोटाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला आहे, म्हणून त्या टिपेप्रमाणे 14 टक्के. मधलं बोट काही प्रमाणात चालतं, ते पूर्ण गेलं असं म्हणता येणार नाही, त्याचे 4. एकूण 18. आम्ही दोन बोटांचे 20 मागितले होते. मधल्या बोटाबद्दल न्यायालयाचं म्हणणं मला पटलं. चमचा त्याच बोटात धरते असं मीच सांगितलं होतं. त्यापुढे उच्च न्यायालयात साठ दिवसांत जाता येतं, पण फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर. आम्ही गेलो नाही, समोरचेही गेले नाहीत.

405 रुपयांचे 18 टक्के म्हणजे दिवसाला 72 रुपये 90 पैसे. महिन्याचे साधारण 2,187. तात्पुरते पैसे थांबले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे 16 एप्रिल 2018 पासून ते धरायचे होते. फेब्रुवारी संपेपर्यंतचे 685 दिवस होतात, थकबाकी 49,936 रुपये 50 पैसे. हा हिशेब मी निकालाच्या रात्रीच करून ठेवला होता आणि नंतर बँकेत आलेली रक्कम त्याच्याशी जुळवून बघितली. मधे लॉकडाऊन लागला, त्यामुळे पैसे जूनमध्ये जमा झाले. ह्यांची सोसायटीची नोकरी तेव्हा निम्म्या पगारावर आली होती. त्यातून चार महिन्यांचं थकलेलं भाडं गेलं आणि दिरांकडून घेतलेले पंधरा हजार परत केले. उरलेल्यातून पोरीला मोबाइल घेतला, तिची शाळा मोबाइलवर गेली होती.

2,187 रुपयांत घर चालत नाही. पण ते दर महिन्याला येतात आणि मी कामाला लागले तरी बंद होत नाहीत, हे फार मोठं आहे. शाळा उघडल्यावर मी स्कूल बसवर मदतनीस म्हणून लागले. पोरांना चढवायचं, उतरवायचं, हात धरायचा. तिथे चिमूट लागत नाही. हयातीचा दाखला मात्र वेळेवर द्यावा लागतो, तो चुकवला की पैसे अडकतात. तो मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते, डाव्या हाताने. अक्षर आता बरं येतं.

काका गेल्या वर्षी गेले. त्यांची खोली बंद आहे. ते फाटकं पुस्तक त्यांच्या मुलाने मला दिलं, म्हणाला, तुमच्या पानावर खूण करून ठेवलेली आहे.

आमच्या गल्लीत तेवीस वर्षांची एक मुलगी आहे. डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू साच्यात घालायच्या कामात, हात भाजला, कातडी आखडली आहे, बोटं सगळी आहेत. पुढच्या बुधवारी तिचं बोर्ड आहे. काल ती आईला घेऊन आली होती. मी तिला चहा दिला आणि विचारलं, घरी काय काय करतेस. ती म्हणाली, “सगळं करते, काकू.” मी वही काढली, पंखा बंद केला आणि म्हटलं, “सकाळी उठल्यापासून सांग. वेणी कोण घालतं?”